रिप्लीची सोशल राइड आणि पबातलं जेवण

मंदगती

इथले सायकलचे धागे वाचते तेव्हा बहुतेक ठिकाणी किलोमीटर, चढाई आणि सरासरी वेग यांचाच हिशोब असतो. म्हणून मुद्दाम दुसऱ्या टोकाच्या राइडबद्दल लिहितेय.

लंडनच्या नैऋत्येला किंग्स्टनमध्ये आमचा क्लब आहे. महिन्यातल्या एका रविवारी 'सोशल राइड' असते. सकाळी साडेनऊला निघायचं, दुपारी एखाद्या गावातल्या पबात जेवायचं आणि चहाच्या वेळेपर्यंत घरी. जेवण हाच कार्यक्रम आणि सायकल तिथवर पोचायला, असं म्हटलं तरी क्लबात कोणाला राग येणार नाही.

सप्टेंबरमधली राइड रिप्ली या गावाची होती. जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर. जाताना नदीकाठाने, येताना गावरस्त्यांनी. किंग्स्टनचा पूल ओलांडून थेम्सच्या काठाने हॅम्प्टन कोर्टपर्यंत, तिथे पुन्हा नदी ओलांडून मोल्सी, वॉल्टन, वेब्रिज. वेब्रिजला थेम्स सोडायची आणि वे नदीच्या कालव्याची वाट धरायची. हा कालवा १६५३ सालचा, म्हणजे रेल्वे यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीचा. पूर्वी घोडे ज्या वाटेवरून होड्या ओढत न्यायचे त्याच वाटेवरून आता आपण जातो. रुंदी जेमतेम, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं. चालणाऱ्यांचा हक्क पहिला, त्यामुळे घंटी वाजवायची, वेग कमी करायचा, 'मॉर्निंग' म्हणायचं. दर दोनशे मीटरवर 'मॉर्निंग'. बायफ्लीटच्या अलीकडे ही वाट एम-२५ च्या खालून जाते. वर लंडनभोवतीच्या महामार्गाची अखंड धडधड आणि खाली एक आजोबा नॅरोबोटीच्या (कालव्यातली अरुंद लांब बोट) टपावर कुंडीतल्या टोमॅटोंना पाणी घालतायत.

पुढे पिरफोर्ड लॉक (होड्या वरखाली करणारी पाण्याची दारं), मग कुरणापलीकडे न्यूअर्क प्रायरी या जुन्या मठाचे भग्न अवशेष (खाजगी जमीन, लांबूनच बघायचे) आणि मग रिप्ली.

जेवणाची व्यवस्था सांगते, कारण नवीन माणसाला तिथेच जास्त धाकधूक असते. बुधवारी व्हॉट्सॅपवर मेन्यू येतो, प्रत्येकाने गुरुवारपर्यंत आपला पदार्थ कळवायचा. डझनभर घामेजलेली माणसं रविवारी दुपारी एक वाजता न सांगता टपकली तर कुठलंही स्वयंपाकघर कोलमडेल. रविवारचं रोस्ट (भाजलेलं मांस आणि बटाटे) कधी कधी दोन-अडीचलाच संपतं, हेही डोक्यात ठेवायचं. टेबलावर येऊन कोणी ऑर्डर घेईल म्हणून बसू नका, बारवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. ज्याचे त्याने. क्लीटवाले (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून पबाच्या जुन्या फरशीवरून ग्लास आणणं हा एक स्वतंत्र खेळ आहे, तेव्हा साधे बूट बरे. एक कोरडा टीशर्ट पिशवीत ठेवा. जेवताना घाम थंड होतो आणि नंतर कुडकुडायला होतं.

आमच्यातले निम्मेअधिक लोक साठीच्या पुढचे. एक निवृत्त नर्सबाई, एक पियानो दुरुस्त करणारे, एक शाळेत गणित शिकवणारा तरुण. एरवी माझी यांच्याशी ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. इथे ऑफिसातले लोक सौजन्याने वागतात पण घरापर्यंत येत नाहीत, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. शेजारी-शेजारी सायकल चालवताना मात्र माणूस बोलतो. समोर रस्त्याकडे बघायचं असतं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, आणि बोलणं थांबलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. पुढच्या वळणावर जोडीदार बदलतो. जेवायला बसेपर्यंत पाच-सहा जणांशी अर्धवट राहिलेल्या गप्पा असतात, त्या टेबलावर पुऱ्या होतात.

इथे कोणी अशा राइड करतं का? भारतात किंवा बाहेर?

झुळूक

वा! फोटो कुठेत?

खडकवासलाकर

लेख छान, पण पंचावन्न किलोमीटरला अख्खा दिवस? आम्ही सहाला स्वारगेटहून निघतो, डोणज्यापर्यंत जाऊन नऊच्या आत घरी. आंघोळ करून ऑफिस. तुमच्या त्या वेगात सायकल पडत कशी नाही?

मंदगती

@झुळूक, टाकते रात्री.

@खडकवासलाकर, आयडी वाचलात ना माझा? :) चालता वेग ताशी पंधरा-सोळा. बाकी वेळ कालव्यावरच्या लॉकची दारं उघडताना बघण्यात, पंक्चरमध्ये आणि ब्लॅकबेरी खाण्यात. आमच्या क्लबात वेगवान गटही आहे, तो दर शनिवारी बॉक्स हिलला जातो. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या रोड रेसला ज्या टेकडीच्या नऊ फेऱ्या होत्या तीच. त्यातले दोघे-तिघे सोशल राइडला येतात तेव्हा त्यांना सगळ्यात मागे ठेवतात. पुढे सोडलं तर ते नकळत वेग वाढवतात आणि मागचे तुटतात. मागे ठेवलं तर कोणाचं पंक्चर काढून पाच मिनिटांत पुन्हा गाठूही शकतात. सगळ्यात हळू जो असेल तो दुसऱ्या नंबरवर, लीडरच्या लगेच मागे.

खडकवासलाकर

हे मागे ठेवण्याचं पटलं. आमच्याकडे उलट होतं. दमदार पोरं पुढे पळतात, चहाच्या टपरीवर अर्धा तास बसतात, आणि मागचा बिचारा धापा टाकत पोचला की 'चला निघूया' म्हणून उठतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. दोन राइडनंतर तो माणूस येईनासा होतो.

तिसरा_गियर

खडकवासलाकरांनी अगदी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. मी लीड्सकडे राहतो, काही वर्षं राइड लीडर होतो. नवीन क्लब काढणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी.

एक, वळणावरची पद्धत. लीडरच्या लगेच मागे जो असेल तो वळणावर थांबतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तिथेच उभा राहतो, मग शेपटाच्या पुढे सामील होतो. पुढच्या वळणावर पुढचा. कोणालाही रस्ता माहीत असायची गरज नाही, नकाशा नको, फोन नको, आणि माणसं आपोआप पुढे-मागे मिसळतात. शेवटचा माणूस कोण हे मात्र सगळ्यांनी निघतानाच बघून ठेवायचं. आम्ही त्याला भडक पिवळं जॅकेट घालायला लावायचो.

दोन, डझनापेक्षा जास्त लोक असतील तर सहा-सातचे गट पाडा आणि मधे मोटार घुसून थांबू शकेल एवढं अंतर ठेवा. सगळे एकाला एक चिकटून चालले की मागच्या ड्रायव्हरचं डोकं फिरतं. इथल्या हायवे कोडमध्ये (रस्त्यावरच्या वाहतुकीचे नियम) जानेवारी २०२२ पासून स्पष्ट लिहिलंय की शेजारी-शेजारी दोन सायकली चालवता येतात, आणि ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात ओव्हरटेक करताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर ठेवावं. कोड कोडाच्या जागी. अरुंद रस्त्यावर मागे रांग लागली की आम्ही एकेरी होतो किंवा बाजूला थांबून जाऊ देतो. हात वर करून आभार मानणारा ड्रायव्हर पुढच्या सायकलवाल्याशी जरा बरा वागतो, असा माझा समज आहे.

तीन, मडगार्ड. ऑक्टोबर ते मार्च मडगार्ड नसेल तर आमच्या क्लबात शेवटी चालवायचं, कारण तुमच्या मागच्या चाकाचा चिखल मागच्याच्या तोंडात जातो. यावरून झालेली भांडणं राजकारणावरून झालेल्यांपेक्षा जास्त आहेत.

सदाशिव_स्पष्टवक्ता

सायकल चालवून दारू प्यायची, मग पुन्हा सायकल चालवायची. आणि याला म्हणायचं आरोग्य. साहेबाने केलं की सगळंच संस्कृती.

तिसरा_गियर

आलात का! धागा चाळिशी गाठणार आता.

पिणारे साधारण अर्धा पाइंट (पाव लिटरच्या जरा वर) बिअर घेतात, किंवा शँडी म्हणजे निम्मी बिअर निम्मं लेमोनेड. बरेच जण लाइम-सोडा नाहीतर चहा. जेवणानंतर पंचवीस किलोमीटर जायचंय हे पोटालाही कळतं.

कलम_कसाई

कायद्याचं मी सांगते. मोटार चालवणाऱ्याला इंग्लंडमध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. स्कॉटलंडने २०१४ च्या डिसेंबरात ती ५० वर आणली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात ३०. इंग्लंडमध्ये सायकलस्वाराला असा आकडा लागू नाही, म्हणून 'सायकलवर काहीही चालतं' हा गैरसमज पसरलाय. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं कलम ३० बघा. पिऊन सायकल नीट ताब्यात ठेवता येत नसेल तर तो गुन्हा आहे आणि दंड एक हजार पौंडांपर्यंत. याशिवाय १८७२ चा एक कायदा अजून जिवंत आहे, त्यात नशेत वाहन, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असणं असा उल्लेख आहे. म्हणजे सदाशिवराव, साहेबालाही तुमच्याइतकीच काळजी होती.

सदाशिव_स्पष्टवक्ता

वाफेचं इंजिन आवडलं. बाकी मत कायम.

कांदेपोहे_क्रॉयडन

मंदगती, एक व्यावहारिक प्रश्न. आम्ही दोघं शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत (त्या सायकल नाही चालवणार, पण जेवायला गाडीने येईन म्हणतात!). पबात काय मिळतं? चिप्स आणि सॅलड खाऊन परतीचे पंचवीस-तीस किलोमीटर होणार नाहीत.

मंदगती

मिळतं, पण विचारून घ्यावं लागतं. रविवारी नट रोस्ट असतं बहुतेक ठिकाणी: सुकामेवा, भाज्या, पावाचा चुरा घालून भाजलेली वडी. त्याच्याबरोबरचे भाजलेले बटाटे ही खरी मेख. काही ठिकाणी ते बीफच्या किंवा बदकाच्या चरबीत भाजतात, आणि बघून अजिबात कळत नाही. ग्रेव्हीचंही तेच. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच, तेव्हा सासूबाईंच्या ताटातून ते वगळा. नट रोस्टमध्येही बांधणीला अंडं असू शकतं. बुधवारच्या मेसेजमध्येच सगळं विचारून टाकायचं, पब उलट कळवतो.

मला स्वतःला प्लाउमन्स लंच आवडतं. जाड पाव, चेडरचा ठोकळा, व्हिनेगरमधले कांदे, सफरचंद, आंबटगोड काळपट लोणचं. गरम काही नाही, पण पोटाला जड होत नाही आणि उरलेला पाव-चीज खिशात टाकता येतं. यातला 'नांगरणीवाला' मात्र बराचसा जाहिरातवाल्यांचा. पाव-चीज-बिअर जुनंच आहे, पण हे नाव १९५० नंतर चीज खपावं म्हणून चीजवाल्यांनी आणि पुढे दूध विक्री मंडळाने उचलून धरलं.

जुनंबाड

रिप्लीचा धागा आणि अँकरचं नाव नाही? मला राहवत नाही, लिहितोच.

रिप्ली हे काही असंच एक गाव नव्हे. १८८० आणि ९० च्या दशकांत ही सायकलवाल्यांची पंढरी होती. लंडनहून पोर्ट्समथकडे जाणारा रस्ता त्या काळात बरा मानला जायचा, आणि रिप्ली पडायचं एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर. आधी उंच चाकाच्या सायकली, मग १८८५ च्या रोव्हरपासून दोन सारख्या चाकांच्या, १८८८ नंतर डनलॉपचे हवेचे टायर. रविवारी झुंडीच्या झुंडी निघायच्या आणि अँकर नावाच्या खानावळीत जेवायच्या. ती डिबल कुटुंबाची. मुली अ‍ॅनी आणि हॅरिएट सगळ्या सायकलवाल्यांना ओळखायच्या. त्या वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ सायकलस्वारांनी वर्गणी काढून गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवली. खानावळ चालवणाऱ्या मुलींसाठी गिऱ्हाइकांनी देवळात खिडकी बसवावी! इमारत अजून आहे, आणि अजूनही तिथे जेवण मिळतं.

त्या काळात सायकलवाल्याला कुठेही दारात उभं करत नसत. धुळीने माखलेला माणूस, सामान नाही, घोडागाडी नाही. १८७८ मध्ये हॅरोगेटला एक टूरिंग क्लब निघाला, त्याचंच पुढे सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब, सीटीसी झालं (२०१६ पासून सायकलिंग यूके). त्यांनी गावोगावच्या हॉटेलांशी करार केले: आमच्या सभासदांना ठरलेल्या दरात खोली आणि जेवण द्यायचं, बदल्यात आम्ही आमचं पंखवाल्या चाकाचं चिन्ह तुमच्या भिंतीवर लावू. आजच्या तुमच्या पब लंचचं मूळ मला तरी तिथे दिसतं.

मंदगती

@जुनंबाड, तुम्ही येणार म्हणूनच ते सोडलं होतं! अँकरसमोर थांबलो आम्ही, पण जेवलो त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या पबात, कारण तिथे मागे सायकली लावायला अंगण आहे. आणि एक गंमत. पिरफोर्ड लॉकवरही अँकर नावाचाच पब आहे, कालव्याला लागून, रिप्लीपासून तीनेक किलोमीटर अलीकडे. आमचे पियानोवाले काका उशिरा निघून थेट जेवायला येणार होते. ते त्या अँकरवर पाऊण तास वाट बघत बसले, आणि आम्हाला फोन करून 'तुम्ही सगळे हरवलात' म्हणून कळवलं.

परतताना ऑकम गावावरून आलो. तिथलं हॉटबॉय नावाचं जुनं हॉटेल दाखवलं लीडरने. ती गोष्ट तुम्हीच सांगा.

जुनंबाड

सांगतो. १८९८ चा ऑक्टोबर. लेडी हार्बर्टन नावाच्या बाई, पन्नाशी उलटलेल्या, सीटीसीच्या सभासद. बायकांनी जमिनीवर लोळणारे घागरे सोडून सुटसुटीत कपडे घालावेत म्हणून चळवळ करणाऱ्या. त्या सायकलवरून ऑकमला हॉटबॉयमध्ये आल्या आणि कॉफीरूममध्ये जेवण मागितलं. अंगात कोट आणि खाली गुडघ्याशी बांधलेली ढगळ विजार. मालकीणबाई म्हणाल्या, या कपड्यांत कॉफीरूममध्ये बसता येणार नाही, हवं तर तिकडे बारच्या खोलीत बसा. तिकडे गावचे मजूर चिरूट-पाइप ओढत बसलेले. लेडी हार्बर्टन न जेवता निघाल्या.

हॉटेलाच्या भिंतीवर सीटीसीचं चिन्ह. त्यामुळे क्लबाने प्रकरण अंगावर घेतलं आणि १८९९ च्या एप्रिलमध्ये खटला उभा राहिला. मुद्दा असा, की वाटसरूला अन्न नाकारणं हा खानावळवाल्याचा गुन्हा. बचाव असा, की नाकारलं कुठे, दुसरी खोली देऊ केली की. ज्यूरीने मालकीणबाईंना निर्दोष सोडलं. क्लब हरला. खटला कुठे चालला माहितेय? किंग्स्टनला. तुम्ही जिथून पेडल मारायला सुरुवात केलीत तिथेच.

नाशिकची_नंदा

ही गोष्ट वाचून हातातला चहा तसाच राहिला.

मी आणि दोन मैत्रिणी रविवारी सायकलवर जातो, नाशिकमध्ये राइड म्हणजे शेवटी मिसळ हे ठरलेलंच. मागे एकदा महामार्गावरच्या एका ढाब्यावर थांबलो. हेल्मेट, सायकलिंगच्या टाइट्स, वर जर्सी. बाहेरची टेबलं रिकामी होती, सायकली समोर दिसाव्यात म्हणून तिथेच बसत होतो. मालक आला, अगदी अदबीने म्हणाला, "ताई, आत फॅमिली रूम आहे, तिकडे बसा." नको म्हटलं. "तसं नाही, लोक बघतात." बघू देत म्हटलं. मग पोऱ्या पाणी घेऊन येईना. शेवटी उठलो आणि पुढच्या टपरीवर वडापाव खाल्ला.

त्याने जेवण नाकारलं नाही. दुसरी खोली देऊ केली. कोर्टात गेलो असतो तर तोही सुटला असता.

कलम_कसाई

नंदा, __/\__

सदाशिव_स्पष्टवक्ता

त्याचा हेतू वाईट नसावा. बायकांना त्रास होऊ नये म्हणूनच फॅमिली रूम असतात. प्रत्येक गोष्टीत अपमान शोधायचं कारण नाही.

नाशिकची_नंदा

हेतू चांगला असेलही. त्रास देणाऱ्यांना आतल्या खोलीत बसवा ना मग. आम्हाला सायकलीवर नजर ठेवायची होती, एकेक सायकल पन्नास-साठ हजारांची आहे.

मंदगती

नंदा, तुझी पोस्ट आमच्या नर्सबाईंना भाषांतर करून पाठवली. त्या म्हणाल्या, १९७० च्या दशकात त्या एकट्या पबात गेल्या की बारवाला आधी त्यांच्या मागे बघायचा, पुरुष कुठाय म्हणून. काही पबांत बायकांनी बारवर उभं राहून पाइंट मागितला तर देत नसत, अर्धाच मिळायचा. आज त्याच सगळ्यात आधी बारवर जातात आणि सगळ्यांचे ग्लास उचलून आणतात.

खडकवासलाकर

नंदाताईंचं वाचून गटात विषय काढला. आमच्याकडे बायका का येत नाहीत यावर आजवर 'त्यांना वेग झेपत नाही' एवढंच उत्तर होतं. एकाची बायको पटकन म्हणाली, वेग झेपतो हो, वाटेत स्वच्छ बाथरूम कुठे आहे ते तुम्ही कधी बघितलंत का? पबात ती सोय आपोआप होते. आम्ही टपरीवर थांबतो, तिथे आडोसासुद्धा नसतो. पुढच्या महिन्यात मुळशीच्या बाजूला जेवणाची राइड ठरवतोय, आधी जागा बघून. वेग ताशी अठरा. पोरं कुरकुरतायत.

तिसरा_गियर

पोरांना मागे ठेवा.

दिवाडकर

गोव्यात हे सहज जमतं. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत सायकल चढवायची, दिवाड बेटावर उतरायचं, शेतांमधून आणि जुन्या घरांसमोरून आरामात फिरायचं, नार्व्याच्या बाजूने दुसऱ्या फेरीने बाहेर पडायचं. चढ म्हणावा असा एकच, पियेदादच्या चर्चचा. मग कुठल्याही साध्या खानावळीत शीत-कडी (भात आणि कालवण) आणि तळलेलं नुस्तें (मासे). फक्त इंग्लंडसारखं साडेनऊला निघालात तर मेलात. सहाला निघायचं आणि जेवणाच्या जागी नाश्ता समजायचा, किंवा जेवून झाडाखाली चारपर्यंत आडवं व्हायचं. दुपारचं झोपणं आम्हाला जमतं.

कांदेपोहे_क्रॉयडन

मंदगती, आम्ही येतोय पुढच्या वेळी! स्वतःच्या सायकली घेऊन ट्रेनने किंग्स्टनला आलो तर चालतं का?

मंदगती

या या. रविवारी चालतं. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी पूर्ण मापाची सायकल घेत नाहीत, घडीची घेतात. रविवारचा एकच धोका, रुळांची कामं. ट्रेनऐवजी बस लावलेली असेल तर त्या बसमध्ये बहुधा सायकल घेत नाहीत, म्हणून शनिवारी रात्री वेळापत्रक पुन्हा बघा. एकेक जास्तीची ट्यूब आणा, कुंपणं छाटायचे दिवस आहेत आणि वाटेवर काटे पडलेले असतात. दिवे लावून या, परतताना ढग आले तर झाडीत चारलाच अंधारतं. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, पण आमच्या क्लबात बहुतेक जण घालतात.

आणि सासूबाईंना गाडीने थेट रिप्लीला यायला सांगा. पोस्टकोड मी व्यनि (खाजगी निरोप) करते, नुसतं अँकर असं सांगू नका.

कांदेपोहे_क्रॉयडन

सासूबाई विचारतायत, लोणचं घरून आणलं तर पबवाले रागावतील का?

मंदगती

छोट्या डबीत आणा आणि नर्सबाईंच्या शेजारी बसा. त्या अर्धं संपवतील.